सख्खी भावंडं म्हणजे ५०% डीएनए, मग अहवालात ३७% कसे?

पिंपळपार

एका वंशावळीतली गाठ सोडवायची आहे, जाणकारांनी मदत करावी.

नोंद अशी आहे. मूळ पुरुषाची पहिली पत्नी वारली आणि पुढे तिच्याच धाकट्या बहिणीशी त्याचं लग्न झालं. मुलं दोन, थोरला मुलगा आणि धाकटी मुलगी. दोघंही आज सत्तरीपार आहेत. मुलगी दुसरीची, याबद्दल वाद नाही. मुलगा पहिलीचा की दुसरीचा, यावर घरात दोन तट आहेत. कुलवृत्तांतात फक्त वडिलांचं नाव आहे. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीत मुलाचं नाव सापडलं, आईचं नाही.

दोघांची डीएनए चाचणी झाली. अहवालात तीनच गोष्टी आहेत: सामाईक डीएनए ३७%, लांबी २,६०४ सेंटिमॉर्गन, नातं 'भावंडं'.

१) सगळ्या तक्त्यांत सख्ख्या भावंडांसमोर ५०% लिहिलेलं असतं. इथे १३ टक्के कुठे गेले?
२) वडील एक आणि आया सख्ख्या बहिणी, म्हणजे सावत्र भावंडांचे २५% अधिक मावस भावंडांचे १२.५%, एकूण ३७.५%. अहवालातला आकडा याच्याशी तंतोतंत जुळतो. मुलगा पहिलीचा, असा निकाल लावावा का?
३) मायटोकॉन्ड्रियाची चाचणी आईकडून येते असं वाचलं. ती केली तर प्रश्न मिटेल का?

---

सूत्रधार२३

निकाल लावू नका. तुमची बेरीज बरोबर आहे, पण अहवालातले ३७% आणि तुमचे ३७.५% एकाच मापाने मोजलेले आहेत याची खात्री नाही. शेर आणि किलो एकत्र मिळवल्यासारखं होईल.

आधी ५०% म्हणजे काय ते पाहू. कुठल्याही दोन माणसांचा डीएनए सुमारे ९९.९% सारखाच असतो, त्यामुळे नात्याच्या टक्केवारीत ते धरत नाहीत. धरतात ते फक्त अलीकडच्या एकाच पूर्वजाकडून दोघांकडे अखंड आलेले तुकडे. त्यांची लांबी सेंटिमॉर्गनमध्ये सांगतात. लिंगगुणसूत्रं सोडली तर २२ गुणसूत्रांच्या एका संचाची लांबी साधारण ३,५०० सेंटिमॉर्गन भरते. आपल्याकडे संच दोन, एक आईचा आणि एक वडिलांचा, म्हणून एकूण ७,०००.

बाप आणि लेक यांच्यात सगळीकडे एक संच जुळतो. ३,५०० भागिले ७,०००, म्हणजे ५०%. इथे घोळ होत नाही.

भावंडांत मात्र तीन प्रकारचे पट्टे असतात. सरासरीने पाव भागात आईकडचा आणि वडिलांकडचा दोन्ही तुकडे जुळतात, निम्म्या भागात एकच जुळतो आणि उरलेल्या पाव भागात एकही नाही. आता मोजणाऱ्यांच्या दोन तऱ्हा:

पहिली तऱ्हा: 'किमान एक तुकडा जुळतो' अशा पट्ट्यांची लांबी एकदाच धरायची. तीन-चतुर्थांश गुणिले ३,५०० म्हणजे २,६२५. भागिले ७,०००, आले ३७.५%.

दुसरी तऱ्हा: जिथे दोन्ही जुळतात तिथे लांबी दोनदा धरायची. १,७५० अधिक ८७५ च्या दुप्पट, म्हणजे ३,५००. आले ५०%.

भावंडं तीच, डीएनए तोच. चाचणी करणाऱ्या कंपन्यांपैकी अँसेस्ट्री पहिल्या तऱ्हेने मोजते, ट्वेंटीथ्री अँड मी दुसऱ्या.

आता तुमच्या शंकेतलं नातं घ्या, वडील एक आणि आया बहिणी-बहिणी. इथे दोन्ही तुकडे जुळतात असा भाग आठवा हिस्सा (१२.५%), एकच जुळतो असा निम्मा, काहीच न जुळणारा तीन-अष्टमांश. पहिल्या तऱ्हेने २,१९० सेंटिमॉर्गन, म्हणजे ३१%. दुसऱ्या तऱ्हेने २,६२५, म्हणजे ३७.५%.

गंमत इथेच आहे. २,६००च्या आसपासचा आकडा पहिल्या तऱ्हेचा असेल तर सख्खी भावंडं, दुसऱ्या तऱ्हेचा असेल तर तुमची शंका खरी. आकड्याकडे नुसतं बघून कळायचं नाही.

करायचं ते असं. दोघांच्या खात्यातून कच्च्या डेटाची फाइल उतरवून घ्या आणि जीईडीमॅच या डीएनए फाइली जुळवून पाहायच्या संकेतस्थळावर चढवा. तिथे 'वन-टू-वन' तुलनेत चित्रासह निकाल मागा. प्रत्येक गुणसूत्राचा आडवा पट्टा दिसेल: हिरवा म्हणजे दोन्ही तुकडे जुळतात, पिवळा म्हणजे एक, लाल म्हणजे एकही नाही. सलग हिरव्या पट्ट्यांची लांबी जमवा.

इथे एक चूक हमखास होते. पिवळ्या भागात हिरव्या रेघा विखुरलेल्या दिसतात आणि माणूस त्याही मोजतो. त्या योगायोगाच्या आहेत. डीएनएवरच्या तपासलेल्या एकेका जागी अक्षरं चारातलीच, त्यातही बहुधा दोनच पर्याय, तेव्हा परक्या माणसाशीही कित्येक जागी दोन्ही अक्षरं जुळतात. मोजायचा तो भरीव हिरवा ठोकळा, ज्यात काही सेंटिमॉर्गनपर्यंत मध्ये पिवळं शिरत नाही. ठोकळा संपतो तिथे रंग एकदम बदललेला दिसतो, चाळणीसारखा हळूहळू विरत जात नाही.

हिरव्याची बेरीज ८७५च्या आसपास आली तर सख्खी. ४३७च्या आसपास आली तर वडील एक, आया बहिणी. जवळपास शून्य आली तर आयांचं एकमेकींशी रक्ताचं नातंच नाही. बेरीज ६००-६५०मध्ये लटकली तर मात्र एका जोडीवरून बोलू नये.

---

खडीसाखर

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: पैसे वाचवा.

मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए (१६,५६९ अक्षरांचा छोटासा गोल) आई सगळ्या मुलांना देते, पुढे फक्त मुलींकडून जातो. पण इथे दोन्ही आया सख्ख्या बहिणी, म्हणजे दोघींनाही तो एकाच आईकडून आला. मुलगा कोणाचाही असो, निकाल एकच येणार. वाय गुणसूत्राचंही तेच, वडील एकच आहेत, आणि मुलीला तर ते नसतंच.

एक्स गुणसूत्र वापरून बघू, असं कोणीतरी सुचवेल. मुलाचा एक्स पूर्णपणे आईकडचा, मुलीचा एक आईकडचा आणि एक वडिलांकडचा. आई एकच असेल तर मुलाचा एक्स बहिणीच्या आईकडच्या एक्सशी सरासरी ५०% जुळेल, आया बहिणी असतील तर ३७.५%. फरक इतका कमी, आणि एका गुणसूत्रावर अदलाबदल होते दोन-तीन ठिकाणी, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा ० ते १०० कुठेही पडू शकतो. त्यावरून काही ठरवणं म्हणजे छापा-काटा.

मामेभावाची चाचणी करण्यातही थेट फायदा नाही. त्याचे वडील दोन्ही बहिणींचे सारखेच भाऊ, तेव्हा मुलगा कोणत्याही बहिणीचा असला तरी मामेभावाशी नातं तेवढंच. आडून मात्र उपयोग होतो. फरक सगळा आईकडच्या बाजूला आहे: एकच आई असेल तर त्या बाजूने सरासरी १,७५० सेंटिमॉर्गन जुळायला हवेत, दोन बहिणी असतील तर ८७५. वडिलांच्या बाजूचा चुलतभाऊ आणि आईच्या बाजूचे एक-दोन मामेभाऊ किंवा मावसभाऊ तपासले, तर कोणता तुकडा कोणत्या बाजूचा हे काही अंशी वेगळं काढता येतं. हिरव्याची बेरीज मधेच लटकली तरच या भानगडीत पडा.

---

नाना_फडताळ

तक्ता टाकून ठेवतो, पुढच्यांनाही उपयोगी पडेल. वंशावळ अभ्यासक ब्लेन बेटिंगर यांच्या 'शेअर्ड सीएम (सेंटिमॉर्गन) प्रोजेक्ट'ची २०२०ची आवृत्ती. लोकांनी स्वतःहून दिलेल्या आकड्यांवरून केलेली आहे, आधी सरासरी, कंसात आढळलेली व्याप्ती, सगळं सेंटिमॉर्गनमध्ये:

आई/वडील–मूल: ३,४८५ (२,३७६–३,७२०)
सख्खी भावंडं: २,६१३ (१,६१३–३,४८८)
एकच पालक सामाईक असलेली भावंडं: १,७५९ (१,१६०–२,४३६)
आजी/आजोबा–नातवंड: १,७५४ (९८४–२,४६२)
काका, आत्या, मामा, मावशी–पुतणे/भाचे: १,७४१ (१,२०१–२,२८२)
चुलत, आते, मामे, मावस भावंडं: ८६६ (३९६–१,३९७)
चुलतभावाचं मूल (आणि तशीच आते, मामे, मावस): ४३३ (१०२–९८०)
एकाचे आजी/आजोबा आणि दुसऱ्याचे आजी/आजोबा सख्खी भावंडं: २२९ (४१–५९२)
एकाचे पणजी/पणजोबा आणि दुसऱ्याचे पणजी/पणजोबा सख्खी भावंडं: ७३ (०–२३४)

भावंडांची सरासरी २,६१३ दिसते ना? म्हणजे हा तक्ता पहिल्या तऱ्हेचा आहे. दुसऱ्या तऱ्हेने आलेला आकडा यात ठेवून पाहिला की नातं चुकणारच. व्याप्तीच्या टोकाच्या आकड्यांत काही नोंदी लोकांनी नातंच चुकीचं समजून दिलेल्याही असतात, तेव्हा टोकाला लटकून राहू नका.

मराठीत काम करणाऱ्यांना दोन सूचना.

एक, 'सावत्र' हा शब्द फसवा आहे. आपण वडिलांच्या दुसऱ्या पत्नीच्या मुलालाही सावत्र भाऊ म्हणतो आणि ती आधीच्या घरून घेऊन आलेल्या मुलालाही. पहिल्याशी २५%, दुसऱ्याशी शून्य. वंशावळ भरताना 'वडील एक', 'आई एक' असं स्पष्ट लिहा. जुन्या कागदांत सापत्न आणि सहोदर असे शब्द येतात, त्यातला सहोदर म्हणजे एका आईचा, वडिलांबद्दल तो काही सांगत नाही.

दोन, दुहेरी नाती आपल्याकडे वाटतात त्याहून जास्त आहेत. दोन भावांनी दोन बहिणी केल्या की त्यांची मुलं एकाच वेळी चुलत आणि मावस, १२.५ च्या दुप्पट म्हणजे २५%. साटंलोटं झालेलं असेल, म्हणजे यांची बहीण त्यांच्याकडे आणि त्यांची यांच्याकडे, तर मुलं एकमेकांची आतेही आणि मामेही, पुन्हा २५%. आकड्यावरून दोन्ही जोड्या सापत्न भावंडांसारख्या दिसतात.

ओळखायची खूण: एकच पालक सामाईक असेल तर हिरवे ठोकळे नसतात. दुहेरी चुलत-मावस किंवा आते-मामे असतील तर सोळावा हिस्सा, साधारण २२० सेंटिमॉर्गन, हिरवा असतो. आणि या दोन दुहेरी नात्यांत आपसात फरक करायचा तर इथे मात्र खडीसाखर यांनी बाद केलेली चाचणी कामाला येते. दोन भाऊ–दोन बहिणी या जोडीच्या मुलग्यांत वायही एक आणि मायटोकॉन्ड्रियाही एक. साटंलोट्यात दोन्ही वेगळे.

अजून एक: जुळे भाऊ एकसारखे (एकाच बीजाचे) असतील तर त्यांची मुलं चुलतभावंडं म्हणून वाढतात, पण डीएनएच्या हिशोबात ती एका बापाची, २५%. अहवालात 'सापत्न भावंडं' आलं म्हणून घरात भांडण काढण्याआधी एवढं विचारून घ्यावं.

---

पिंपळपार

सर्वांचे आभार. दोन्ही फाइल चढवल्या. 'किमान एक' जुळणारी लांबी २,५९७ आली, म्हणजे अहवाल पहिल्या तऱ्हेचा होता. भरीव हिरवे ठोकळे मोजले, विखुरलेल्या रेघा सोडून, बेरीज ८२६. ३,५०० च्या २३.६%.

पण एक शंका उरते. सख्ख्या भावंडांत बरोबर ५०% का नाही, आणि आजोबांचा वाटा बरोबर २५% का नाही? शिवाय जुळणाऱ्यांच्या यादीत एक दूरचे गृहस्थ २१२ सेंटिमॉर्गनने जुळतात. तक्त्याप्रमाणे आजोबा-आजी सख्खी भावंडं असायला हवीत, पण वंशावळीत तसं कोणीच नाही. या घराण्यात दोन पिढ्या मामाची मुलगी करण्याची रीत होती, त्याचा संबंध असेल का?

---

सूत्रधार२३

८२६ आणि वर २,५९७, दोन्ही सख्ख्यांच्या सरासरीला खेटून आहेत. मुलगा दुसरीचाच. मात्र शेवटच्या ओळीत तुम्ही मामाच्या मुलीचं सांगितलंत, ते आधी सांगायला हवं होतं. मूळ पुरुषाच्या बायका त्याच्याच मामाच्या मुली असतील तर 'दोन्ही जुळतात' हा भाग थोडा फुगतो. एवढ्याने ४३७चे ८२६ होणार नाहीत, म्हणून निकाल बदलत नाही, पण नोंद करून ठेवा.

बरोबर ५०% का नाही, तर वाटप तुकड्यांनी होतं म्हणून. बीजपेशी तयार होताना आजोबांकडचं आणि आजीकडचं गुणसूत्र काही ठिकाणी तुटून एकमेकांत सांधलं जातं. शुक्रपेशीत असे सांधे सरासरी २६-२७, अंडपेशीत ४०च्या वर. पत्ते एकेक करून पिसण्याऐवजी जुडीचे मोठाले गठ्ठे इकडून तिकडे ठेवावेत तसं. ऑस्ट्रेलियातल्या ४,४०१ भावंडजोड्यांवर २००६ साली झालेल्या अभ्यासात (यात दोन्ही तुकडे धरले होते) खरा वाटा ३७.४% पासून ६१.७% पर्यंत आढळला, सरासरी ५०%च्या अगदी जवळ.

आजोबांचंही तसंच, आणि तिथे एक सुंदर हिशोब आहे. वडिलांकडून येणारे ५०% पक्के. त्यातले आजोबांचे २९% आले तर त्याच बाजूच्या आजीचे २१%च असणार, बेरीज हलत नाही. शुक्रपेशीत सांधे कमी, म्हणजे गठ्ठे मोठे, म्हणून वडिलांकडच्या आजी-आजोबांचा वाटा २५ पासून जास्त दूर सरकतो. आईकडच्यांचा त्या मानाने मध्याजवळ राहतो.

---

प्रयोगशाळेतली

२१२ सेंटिमॉर्गनच्या गृहस्थांबद्दल: बेरीज बाजूला ठेवा, तुकड्यांची यादी उघडा.

२१२ ही बेरीज १० तुकड्यांत असेल आणि त्यातले दोन-तीन ३५-५०चे असतील तर खरोखर जवळचा सामाईक पूर्वज शोधा. तीच २१२ जर २२-२४ बारीक तुकड्यांत, बहुतेक ७ ते १२, सर्वांत मोठा १८, अशी विखुरलेली असेल तर तो एका पूर्वजाचा वाटा नाही. अनेक दूरच्या पूर्वजांकडून वेगवेगळ्या वाटांनी आलेली चिल्लर आहे. पिढ्यान्‌पिढ्या जातीतच, त्यातही पंचक्रोशीत लग्नं झाली की असं होतं. आजोबांच्या आजोबांचा भाऊ तुमच्या पणजीचाही काका लागतो, आणि प्रत्येक वाट थोडी थोडी भर घालते.

चाळायची पद्धत: ७च्या खालचे तुकडे सोडून द्या, त्यात खोटी जुळणी भरपूर. मग १५ची मर्यादा लावून बेरीज पुन्हा करा. बेरीज थोडीशीच घटली तर नातं जवळचं. निम्म्याहून खाली कोसळली तर आंतर्विवाहाचा फुगवटा. वरचा तक्ता मुख्यतः अमेरिका-युरोपातल्या लोकांच्या आकड्यांवर उभा आहे, तो आपल्याकडच्या दूरच्या नात्यांना जसाच्या तसा लावला की नातं एक-दोन पायऱ्या जवळचं वाटतं. भावंडं, काका-पुतण्या यांना फारसा धक्का लागत नाही, पणजोबांच्या पलीकडे गेलं की मात्र आकडा विश्वासाचा राहत नाही.

मामाच्या मुलीशी लग्न झालेल्या जोडप्याचं मूल घेतलं तर त्याच्या स्वतःच्याच दोन संचांत सरासरी सोळावा हिस्सा (६.२५%) अगदी एकसारखा असतो, साधारण २२० सेंटिमॉर्गन. मामा-भाचीचं लग्न असेल तर आठवा हिस्सा, ४३७च्या आसपास. जीईडीमॅचवर 'तुमचे आईवडील नात्यातले आहेत का' असं एक साधन आहे, त्यात एकच फाइल घालायची आणि हे पट्टे दिसतात. तुमच्या दोघांपैकी एकाची घालून पाहा, मूळ पुरुषाचं लग्न मामाकडे झालं होतं का याचं उत्तर कुलवृत्तांतापेक्षा लवकर मिळेल.

हा एकसारखा भाग वैद्यकीयदृष्ट्याही महत्त्वाचा, कारण दोन्हीकडून तीच बिघडलेली प्रत आली तर आजार उघड होतो. पूर्व विदर्भात आणि नंदुरबार भागात सिकलसेलच्या तपासणीत हे रोज लागतं. एक वाहक (एकच बिघडलेली प्रत असलेला) सापडला की कोणाला बोलवायचं? आईवडिलांपैकी किमान एक वाहक धरूनच चालायचं. सख्ख्या भावंडांना आणि मुलांना शक्यता निम्मी, मामा-मावशी-काका-आत्यांना पाव, त्यांच्या मुलांना एक-अष्टमांश. हे आकडे किमान समजा. जिथे वाहक मुळातच जास्त आहेत तिथे दुसऱ्या बाजूनेही तीच प्रत येऊ शकते, त्यामुळे प्रत्यक्ष शक्यता याहून वरच असते. विद्राव्यतेची साधी चाचणी फक्त 'आहे' एवढं सांगते. वाहक की रुग्ण हे एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस या प्रयोगशाळेतल्या चाचण्यांनीच ठरतं.

जाता जाता, टक्केवारीवरून 'मूत्रपिंड किंवा अस्थिमज्जा कोण देऊ शकेल' हे कोणी ठरवू नका. तिथे पाहतात ती एचएलए जनुकं, सहाव्या गुणसूत्रावर एकमेकांना चिकटून असलेला गठ्ठा. आईवडिलांशी तो निम्मा जुळतोच. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता २५%, निम्मा ५०%, अजिबात नाही २५%. दोन भावंडं असली तर निदान एक पूर्ण जुळणारं मिळण्याची शक्यता ४४%, तीन असली तर ५८%. एकूण डीएनए ५८% जुळणारा भाऊ नेमका या गठ्ठ्यात जुळत नाही आणि ४३% जुळणारी बहीण पूर्ण जुळते, असं होतं.

---

मोडीलिपी

गोत्राचा मुद्दा कोणीतरी काढणारच होतं, मीच काढतो.

गोत्र बापाकडून मुलाकडे जातं, म्हणजे वाट वाय गुणसूत्राची. बाकी ४५ गुणसूत्रांचा त्यात हिशोब नाही. म्हणून दहा पिढ्यांत संबंध नसलेला सगोत्र मुलगा चालत नाही, पण १२.५% जुळणारी मामाची मुलगी चालते. डीएनएच्या तागडीत हे उलटं आहे. दहा पिढ्यांमागे प्रत्येकाचे १,०२४ पूर्वज होतात (कोणी दोनदा येत नाही असं धरलं तर). आपल्या डीएनएचे तुकडे तोवर सहाशे-साडेसहाशेच पडलेले असतात, म्हणजे त्यातल्या निम्म्याहून अधिक पूर्वजांचा एकही तुकडा आपल्यात नसतो. वंशावळीत नाव आहे, रक्तात काही नाही.

सगोत्र विवाहावरची बंदी १९४६च्या कायद्याने गेली. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात उरलं ते सपिंड नातं: स्वतःला पहिली पिढी धरून आईच्या बाजूने तिसरी आणि वडिलांच्या बाजूने पाचवी पिढी. मामाची मुलगी यात सापडते. मुलगा, आई, आईचे वडील, या तीन पिढ्या इकडून. मुलगी, वडील, आजोबा, या तीन तिकडून. म्हणून असं लग्न कायद्याने फक्त रूढी सिद्ध होत असेल तरच वैध. दोन बाजूंना वेगळी मोजपट्टी का, हे डीएनएला विचारून उपयोग नाही, दोन्ही पालकांचा वाटा सारखाच आहे.

---

खडीसाखर

अजून कोणाची चाचणी करणार असाल तर सगळ्यांत वरच्या पिढीची आधी करा. आजीचा नमुना असला तर नातवाचा घेऊन नवं काही कळत नाही, नातवात तिचा पाव वाटाच आहे. आजी नसेल तर तिच्या होतील तितक्या मुलांचे घ्या: एका मुलात आजीचा निम्मा डीएनए सापडतो, दोघांत मिळून ७५%, तिघांत ८७.५%.

वयस्कांचा लाळेचा नमुना वाया जाण्याची कारणं ठरलेली. तोंड कोरडं (रक्तदाबाच्या, नैराश्याच्या काही गोळ्यांनी होतं), मग फेसच भरला जातो आणि रेषेपर्यंत पातळ लाळ पोचत नाही. फेस मोजायचा नाही. आधी अर्धा तास खाणं-पिणं, तंबाखू, सुपारी, चूळ भरणं बंद. कवळी काढून ठेवावी. गाल बाहेरून चोळला, लिंबू समोर धरलं तरी लाळ सुटते, ते चाटायचं मात्र नाही. तरीही जमत नसेल तर गालाच्या आतून बोळा फिरवायची चाचणी घ्या. नळीचं झाकण लावल्यावर आतलं द्रावण पूर्ण खाली उतरलं का बघा, नाहीतर टपालात नमुना खराब होतो.

अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालेल्या माणसाचा नमुना घेऊ नका. लाळेतही रक्तातल्या पांढऱ्या पेशी असतात आणि त्या दात्याच्या, त्यामुळे दोघांची सरमिसळ येते. दोन नमुने एकाच दिवशी भरत असाल तर आधी नळीवर नाव, मग लाळ. भाऊ-बहिणीच्या नळ्या बदलल्या गेल्या तर लिंगावरून लगेच कळतं, दोन भावांच्या बदलल्या तर वर्षानुवर्षं कळत नाही.

आणि फाइल चढवण्याआधी त्या माणसाची संमती घ्या, लेखी असली तर उत्तम. २०१८ साली कॅलिफोर्नियात जुन्या गुन्ह्यांतला आरोपी जीईडीमॅचवरच्या दूरच्या नातलगांवरून सापडला. २०१९ पासून पोलिसांना आपली फाइल दिसावी की नाही हे ठरवायचा पर्याय तिथे आहे. तो आधी बघून मगच बटण दाबा.

---

पिंपळपार

तुकड्यांची यादी उघडली. २१२ सेंटिमॉर्गन, २१ तुकडे, सर्वांत मोठा १९. १५ची मर्यादा लावल्यावर उरले ५२. म्हणजे चिल्लरच.

मुलाची फाइल 'आईवडील नात्यातले का' यात घातली: आठ पट्टे, एकूण १९६ सेंटिमॉर्गन. मुलीच्या फाइलमध्ये २३१. मूळ पुरुषाने मामाकडेच लग्नं केली, दोन्ही वेळा, असं आता धरतो आहे. वहीतलं मामाचं आडनाव पुन्हा वाचून घ्यायला पुढच्या महिन्यात त्र्यंबकेश्वरला जाणं आहे.

---

नाना_फडताळ

१९६ आणि २३१ आते-मामे लग्नाच्या २२०ला धरून आहेत. उपाध्यायांकडे जाल तेव्हा सासरच्या आडनावाची वहीही मागा. बायकांची नोंद बऱ्याचदा माहेरच्या पानावर, भाऊ यात्रेला आला त्या साली सापडते.